चाळीस दिवसांचं दूध

निंबाला दूध सोसत नसे. चहातलं चालायचं, पण नुसतं दूध पोटात गेलं की तासाभरात लोटा शोधावा लागे. बायको, वत्सला, होती तोवर हे कुणाला कळलं नाही. पाहुण्यांकडे दूध आलं की ती आपला पेला आधी रिकामा करायची आणि बोलता बोलता त्याच्याशी बदलून घ्यायची. वर म्हणायची, "तुमच्यापायी जाड झाले मी." मागच्या दिवाळीत ती गेली. आता पेला बदलणारं कुणी नव्हतं.

आणि लेकीला, चैतालीला, स्थळ आलं ते कोसाडच्या तबेलेवाल्या बाजीरावांचं. अकरा म्हशी. मुलगा चैतालीच्या मनात भरलेला. पण बाजीरावांची एक रीत होती. सुपारी फुटण्याआधी व्याह्यानं त्यांच्या म्हशीचं दूध सगळ्यांसमोर प्यायचं. मागं एकानं पेला तसाच ठेवला, तर त्यांनी बसल्या जागी सोयरीक मोडली होती.

कापडाच्या कारखान्यात शेजारच्या लूमवर काम करणारा किसन म्हणाला, "अरे, पोटाला सवय लावता येते. आज एक चमचा, उद्या दोन. नव्या कारागिरासारखंच असतं ते, हळूहळू शिकतं."

निंबानं मनावर घेतलं. भेस्तानच्या नाक्यावर मगनच्या चहाच्या टपरीवर तो रोज दूध मागू लागला. पहिल्या दिवशी एक चमचा. पंधराव्या दिवशी अर्धा कप. चाळिसाव्या दिवशी भरला पेला गटागटा प्याला, तरी पोटानं हूं की चूं केलं नाही.

"शिकलं रे, किसन!"

रविवारी तो ऐटीत कोसाडला गेला. मुलाच्या आईनं, धुरपदाबाईंनी, पितळी पेला पुढे केला. वर बोटभर साय. निंबानं एका दमात संपवला.

"अजून घ्या ना, व्याही!"

"विचारता काय? आणा!"

दुसराही गेला. ताटात सुपारी मांडत होते, तेवढ्यात पोटात लूम सुरू झाली. बाजीरावांनीही ऐकली.

"काय व्हयनं, व्याही?"

"संडास कुठं आहे?"

तबेल्यामागं होता. निंबा पळाला. आत बसल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस दिवस पोट शिकलं ते मगनचं पाणी प्यायला. वत्सला असती तर हसून हसून भिंतीला टेकली असती. पण चैतालीला काय सांगायचं?

तो मान खाली घालून बाहेर आला. "बाजीराव, खोटं बोलत नाही. मला दूध सोसत नाही. चाळीस दिवस मगनकडं रोज पीत होतो, काही झालं नाही, म्हणून वाटलं जमेल. पोरीवर राग काढू नका."

बाजीरावांनी विचारलं, "चाळीस दिवस? अन् माझ्या दोन पेल्यांत हे?"

"हो."

बाजीराव उठले आणि कुंपणापलीकडे ओरडले, "ओ सुभद्राबाई! मी दुधात पाणी घालतो म्हणून गल्लीभर सांगता ना? या इकडं! बाजारचं यांना चाळीस दिवस पचलं, माझं घटकाभर नाही! विचारा यांना!"

पलीकडून सुभद्राबाईंचं डोकं वर आलं. निंबानं तोंड उघडलं, पण पोटानं पुन्हा हाक दिली. तो पळाला.

"बघा! बघा!" बाजीराव आनंदानं म्हणाले. "असा व्याही शोधून मिळायचा नाही. फोडा सुपारी!"

सुपारी फुटली तेव्हा निंबा जागेवर नव्हता. धुरपदाबाईंनी संडासाबाहेरून विचारलं, "व्याही, लग्न मार्गशीर्षात धरू का?"

आतून आवाज आला, "धरा! कधीही धरा!"