फरशीवरचा ब्रेक

"आबा, ह्यात कुंकू कसं काय गेलं?"

दुरुस्तीवाल्या रविराजने लॅपटॉपचं मागचं झाकण काढून पंखा दाखवला. पात्यांवर लाल थर बसला होता. दादासोंना त्यात नवल वाटलं नाही. खंडेनवमीला घरातल्या यंत्रांची पूजा करायचीच. आयुष्यभर त्यांनी बसच्या स्टिअरिंगला हळदकुंकू वाहिलं. यंदा बस नव्हती, म्हणून लॅपटॉपला वाहिलं, आणि तेही हात आखडता न घेता.

लॅपटॉप, खेळायचं स्टिअरिंग आणि त्याचे पेडल असं सगळं बिऱ्हाड खताच्या रिकाम्या पोत्यात भरून ते सणसरहून बारामतीला या दुरुस्तीच्या दुकानात आले होते. ते मूळचं मुलाचं, ऋषिराजचं. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि हे मागे राहिलं. त्यात घाटातून बस चालवायचा एक गेम होता. वालचंदनगरच्या कामगारांची बस चालवता चालवता दादासोंना साखरेचा आजार जडला, तळपाय बधिर होऊ लागले आणि मालकाने त्यांना गाडीवरून उतरवलं. तेव्हापासून ते घरात बसून हीच बस चालवत. त्यांच्या बायकोला, ठमाबाईला, आधी हसू यायचं. पुढे तिने हसणंही सोडून दिलं.

आता गावच्या शाळेच्या गाडीला ड्रायव्हर हवा होता. शाळेचा कारभार बघणारे विजयसिंह जुन्या ओळखीतले. आज संध्याकाळपर्यंत कळवा, तोवर दुसऱ्या कुणाला घेत नाही, असं ते म्हणाले होते. दादासोंनी मनाशी ठरवलं होतं की गेममधला घाट एकदा तरी न धडकता उतरायचा, आणि मगच हो म्हणायचं. गाडीत लोकांची पोरं असणार. पण घरी दर वळणाला चित्र अडखळायचं आणि बस कठड्यावर जायची. दोष लॅपटॉपचाच होता, हे तर डोळ्यांना दिसत होतं. तरी डॉक्टरांनी तळपायाला सुई लावली तेव्हा आपण ती नुसती बघून "टोचतंय" म्हणालो होतो, हे काही त्यांच्या मनातून जात नव्हतं.

रविराजने पंखा साफ केला. गेम तसाच अडखळत राहिला. मग सेटिंगमध्ये शिरून तो स्वतःशीच हसला. या लॅपटॉपमध्ये स्क्रीनवर चित्र उमटवायला दोन ग्राफिक्स कार्डं असतात, त्याने समजावलं, साध्या कामाला छोटं आणि गेमला मोठं. वीज वाचावी म्हणून लॅपटॉप पुष्कळदा छोट्यावरच भागवतो.

"तुमची बस छोट्यावरच ओढत हुती. मोठं नुसतं बसून हाय."

त्याने या गेमला कायम मोठंच वापरायचं असं ठरवून दिलं, चार्जर लावला आणि गेम पुन्हा सुरू केला. बस झरझर निघाली. रस्त्याकडेची झाडं एकही झटका न खाता मागे जाऊ लागली. दादासोंना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. चपला काढून त्यांनी पेडल पुढे ओढले आणि स्टिअरिंग हातात घेतलं.

पहिलं वळण छान गेलं. दुसऱ्याला त्यांनी ब्रेक दाबला आणि बस कठडा तोडून सरळ दरीत गेली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच झालं.

"आजून अडकतंय," दादासो म्हणाले.

रविराजने स्क्रीनकडे पाहिलं. चित्र कुठेच अडकत नव्हतं. मग त्याने खाली वाकून पेडल पाहिले.

"आबा, तुमचा पाय ब्रेकवर न्हाय. शेजारी फरशीवर हाय."

दादासोंनी खाली पाहिलं. अंगठा पांढरा पडेपर्यंत ते फरशी दाबत होते. आता आपल्याला वाईट वाटेल, असं त्यांना वाटलं. पण काहीच वाटलं नाही.

त्यांनी तिथूनच विजयसिंहांना फोन लावला.

"दुसरा मानूस बघा तुमी. मला न्हाय जमायचं."

काय झालं, असं विजयसिंहांनी पलीकडून विचारलं.

"पाय कळत न्हाय मला," दादासो म्हणाले. इतक्या दिवसांत हे त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने कबूल केलं.

रविराजने पेडलची वायर गुंडाळली आणि गेम ठेवू की काढून टाकू, असं हलक्या आवाजात विचारलं. असू दे, चांगला चालतोय, ते म्हणाले. मग खाली वाकून, डोळ्यांनी नीट बघत, त्यांनी हाताने एकेक पाय उचलला आणि चपलेत घातला.