चौकशीच्या दिवशीची भिंत

साहेब, खोटं बोलायला तुम्हीच लावता आणि ते खोटं पकडायला घरी माणूसही तुम्हीच पाठवता. बेलवलीतल्या बकुळाकडे तो गुरुवारी अकराला येणार होता.

तिच्या लेकीला, अस्मिताला, इंजिनीअरिंगला राखीव जागा मिळाली होती. जातीचा दाखला बाप जिवंत असतानाचा, त्यावर बौद्ध लिहिलेलं. बाप गेल्यावर, दोन हजार एक साली, मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. आता दाखल्याची पडताळणी निघाली. बौद्ध असाल तर जागा तुमची, ख्रिस्ती झालात तर गेली, हा तुमचा कायदा. शेजारची कुंदा मात्र अजूनही बकुळाच्या वाटीत साखर लांबून, वरूनच ओतते. तिला तुमचा कायदा कोणी कळवला नाही वाटतं.

अंबरनाथ एमआयडीसीत बकुळा औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगला होती. बुधवारी तिथे दोनदा रिकामीच खोकी चिकटवली, सुपरवायझरने झापलं. भिंतीवरच्या क्रूसाचं काय करू, असं पास्टरांना विचारलं तर त्यांनीही वाट मोकळी करून दिली. देव अंतःकरण बघतो सिस्टर, भिंत नाही. म्हणजे क्रूस काढा.

गुरुवारी उल्हासनगरहून सासू, पुतळाबाई, सकाळीच आली. पेपरात गुंडाळलेली बुद्धाची तसबीर घेऊन.

"तासाभराचं काम. हा काय परका आहे का तुला? याच्यामुळं तर माणसांत आलो आपण."

"म्हणूनच आत्याबाई. त्याला खोट्या साक्षीला कसं उभं करू?"

"मग ठोक तुझा क्रूस नातीच्या नशिबावर," म्हातारी म्हणाली आणि स्वतःच स्टुलावर चढायला लागली.

बकुळाने तिला उतरवलं आणि आपण चढली. क्रूस काढून तांदळाच्या डब्यात घातला, तसबीर टांगली. मग प्रार्थनेला बसली, तर तोंडातून शब्द फुटेना. विसावा मिळेल म्हणून ज्याच्या मागे आली, त्यालाच डब्यात कोंबून ती दाराकडे बघत बसली होती. गल्लीत रिक्षा थांबली की उठून उभी राहत होती.

पडताळणीचा माणूस आला. सभ्य होता. पाणी प्याला, भिंत बघितली, मान हलवली, फॉर्म उघडला.

"धर्म?"

अस्मिताने आईकडे बघितलं. त्या नजरेत चार वर्षांचं कॉलेज होतं, आणि आणखी काहीतरी होतं, ते बकुळाला वाचता आलं नाही.

"ख्रिस्ती," ती म्हणाली. "दोघी."

पुतळाबाईने कपाळाला हात लावला. माणसाने पेन वरच धरलं. हळूच म्हणाला, बाहेर गाडीचा आवाज होता, मला ऐकू आलं नाही, नीट विचार करून परत सांगा.

बाहेर एकही गाडी नव्हती.

"ख्रिस्ती. लिहा."

पोरीकडे बघायची तिची हिंमत नव्हती. विसावा वगैरे काही मिळाला नाही, फक्त लपवायला आता घरात काही उरलं नव्हतं. माणसाने लिहिलं, खाली रेघ मारली आणि उठला. बकुळा दारात आडवी उभी राहिली.

"साहेब, मघापर्यंत ही पोरगी मागास होती. मी देवाचं नाव सांगितलं आणि ती बसल्या जागी पुढारली? कशी पुढारली? ते सांगा, मग जा."