पुलाचे गणित आणि गाळलेल्या चाचण्या

मित्रांनो, पुलांची गणिते करणाऱ्या कचेरीत खिडकीखालच्या टेबलावर घरघरणारी एक जाडजूड पेटी आहे. जुना झालेला हा संगणक म्हणजे मी. मला बोलता येत नाही, पण माझ्यासमोर बसणाऱ्यांचे चेहरे मी रोज पाहतो. त्यातल्या एका चेहऱ्याची ही हकिकत आहे.

माझे सुटे भाग आणून मला जोडले ते सरांनी. सर त्या कचेरीतले सर्वांत ज्येष्ठ अभियंते. कालव्यावरचा पादचारी पूल त्यांचाच. सकाळी त्यावरून शाळेची मुले जात, गिरणीतले कामगार जात. माझ्या पाठीवर थाप मारून सर म्हणत, "गडी भरवशाचा आहे!" तेव्हा माझा पंखाही जरा ऐटीत फिरे.

सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा त्यांच्या विद्यार्थिनीने घेतली. कचेरीच्या प्रमुख मोठ्या बाई, म्हणून हिला सगळे छोट्या बाई म्हणत. छोट्या बाई हुशार आणि मनाने निर्मळ होत्या. जेवणाची सुट्टी झाली तरी त्या माझ्यासमोरून उठत नसत.

एकदा जुन्या पुलांची नव्याने तपासणी करायचे ठरले. त्यासाठी शास्त्रीय गणिताचे एक नवे पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, माझ्यात बसवायचा होता. मित्रांनो, माणसांनी लिहिलेला प्रोग्राम मला जसाच्या तसा कळत नाही. त्याचे माझ्या भाषेत रूपांतर करणारा एक प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. त्याला आधी नीट सूचना द्याव्या लागतात. छोट्या बाई दिवसभर त्याच्याशी झगडत होत्या. कधी एखादी फाइल सापडेना, कधी दोन भागांचे आपसात जमेना. शेवटी सारे जमले, पण काम गोगलगायीच्या चालीने होऊ लागले. मग त्यांनी कंपायलरला वेग वाढवण्याची सूचना दिली. ती दिली की तो हिशेबातली काटेकोर शिस्त थोडी सैल सोडतो.

पॅकेज नीट बसले की नाही हे पाहण्यासाठी त्याच्यासोबत चाचण्या येतात. बऱ्याचशा पास झाल्या. शेवटच्या काही नापास झाल्या. मी त्या लाल अक्षरांत दाखवल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, पोरगी शाळेच्या फाटकात एकटीच उभी आहे," त्यांचे यजमान सांगत होते. "मी अडकलोय. तू निघतेस ना?"

"निघालेच!" त्यांनी लाल अक्षरांकडे एकवार पाहिले. "दशांशानंतर कुठेतरी फरक असेल," असे पुटपुटत चाचण्या गाळल्या आणि पर्स उचलली.

पुढच्या आठवड्यात त्याच पॅकेजवर सरांचा पूल तपासला गेला. मी उत्तर दिले, तुळया कमजोर आहेत. पुलाच्या दोन्ही तोंडांना अडसर लागले. मुलांना लांबचा वळसा पडू लागला. सरांचे गणितच चुकले होते, असे जो तो म्हणू लागला.

सर स्वतः आले. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"पोरी, माझं कुठं चुकलं तेवढं दाखव. बाकी काही नको."

त्यांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले. मग म्हणाले, "यंत्र कशाला खोटं बोलेल? माझंच चुकलं असणार." दुसऱ्या एका पुलासाठी त्यांचा सल्ला घेतला जात होता, ते काम त्यांनी त्याच दिवशी सोडून दिले.

नंतर एका नव्या कामासाठी छोट्या बाईंनी माझ्याकडून अगदी सोप्या तुळईचे गणित करून घेतले. उत्तर इतके विचित्र आले की त्या दचकल्या. त्यांनी तेच गणित कागदावर केले. मग गाळलेल्या चाचण्या उघडल्या. वेगाच्या त्या सूचनेनेच माझी उत्तरे चुकत होती, पुलाचेही.

त्यांनी मोठ्या बाईंना माझ्यासमोर बोलावून सगळे सांगितले. मोठ्या बाई दार लोटून घेत म्हणाल्या, "संगणक जुनाच आहे. तो बिघडला म्हणून सांग. भंगारात देऊ, नवा आणू, पूलही उघडू. तुझं नाव कशाला खराब करून घेतेस?"

छोट्या बाईंनी मान खाली घातली. मला अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवले. नवा संगणक काही लवकर आला नाही, त्यामुळे फेरतपासणीही झाली नाही. पूल बंदच राहिला आणि छोट्या बाई गप्पच राहिल्या. अधूनमधून त्या अडगळीच्या दाराशी येत, माझ्याकडे पाहत आणि तशाच परत जात. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली होती.

एका सकाळी त्या आल्या त्या सरांना घेऊनच. त्यांनी स्वतः मला उचलून टेबलावर आणले. सरांच्या देखत कंपायलरला दिलेली वेगाची सूचना काढली, पॅकेज नव्याने बसवले. सगळ्या चाचण्या पास झाल्या. मग पुलाचे गणित केले. तुळया भक्कम होत्या.

"सर, चूक माझी होती. या संगणकाची नाही आणि तुमची तर नाहीच नाही."

सरांनी विचारले, "तुला कधी कळलं?"

"बरेच दिवस झाले, सर."

सर हळूच म्हणाले, "चूक कुणाच्याही हातून होते गं. पण या बऱ्याच दिवसांत मी रोज त्या अडसरापाशी जाऊन उभा राहत होतो. येणारी जाणारी मुलं विचारायची, आजोबा, पूल कुणी बिघडवला? मी म्हणायचो, मीच."

छोट्या बाईंनी तोंडावर पदर धरला. सर त्यांच्या डोक्यावर हात ठेवायला वळले, पण हात अर्ध्यावरच थांबला. ते निघून गेले.

पूल उघडला. छोट्या बाईंनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मोठ्या बाई काही दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मी पुन्हा खिडकीखाली आलो. सर मात्र नंतर या खोलीत आले नाहीत. छोट्या बाई सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जातात, असे ऐकतो. तिथे काय बोलणे होते, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, माझ्या पंख्याला वारा मिळू द्या, एवढे तर मी मागेनच. लाल अक्षरे दिसली तर घाईत पुढे जाऊ नका, हेही मागेन. पण चूक उमगली, तर जो माणूस तिचे ओझे वाहतो आहे त्याच्याकडे त्याच दिवशी जा. नापास चाचणी मी पुन्हा घेऊ शकतो. सरांचे ते दिवस मला पुन्हा देता येत नाहीत.