हत्तिणीच्या वाट्याचे पाणी

मी एक जुनी पवनचक्की आहे, मित्रांनो. पीठ दळणारी नव्हे, पाणी उपसणारी. नामिबियातल्या एका कोरड्या नदीच्या काठी मी उभी आहे. या नदीला पाणी येते ते वर्षातून एखादा दिवस, तेही आले तर. बाकीचे दिवस वाळूच्या पोटातले पाणी वर ओढायचे काम माझे.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका कारखान्यात झाला. तेथे मला अठरा पाती, एक शेपूट आणि चार लोखंडी पाय मिळाले. मग माझे भाग सुटे करून मालगाडीने आणि शेवटी गाढवांच्या गाडीतून मला येथे आणले. ज्या दिवशी मी प्रथम फिरले, त्या दिवशी एका सात वर्षांच्या मुलीने नळाखाली ओंजळ धरली. पाणी गढूळ होते, त्याला गंजाचा वास होता. तरी ती प्यायली आणि म्हणाली, "गोड आहे." तिचे नाव एल्फ्रीडे. पुढे तिचे हिस्किया गानुसेब याच्याशी लग्न झाले, आणि दोघांनी माझ्या पायाशी शेळ्या वाढवल्या, मुले वाढवली. हिस्किया दर महिन्याला शिडी चढून माझ्या दात्यांना तेल घाली. वर बसून तो तंबाखू ओढी आणि म्हणे, "बाई, तू फिरतेस म्हणून आम्ही आहोत." एवढी स्तुती मला पुरत असे.

त्या काळी आमच्याकडे हत्ती नव्हते. दुष्काळाने आणि बंदुकांनी त्यांना फार पूर्वीच उत्तरेकडे पळवून लावले होते. मला वाटे, या मुलखात सर्वांत भव्य मीच आहे.

मग एका सकाळी ते परत आले. मी उंचावरून त्यांना पाहिले. पाच करडे डोंगर नदीच्या पांढऱ्या वाळूतून चालत येत होते, आणि त्यांच्या पावलांचा जराही आवाज नव्हता. एवढे मोठे शरीर आणि पाऊल मांजराचे! पुढे एक हत्तीण होती. तिचा डावा कान फाटलेला होता. तिने सोंडेने माझा एक पाय चाचपला, अगदी हळू, जशी आंधळी बाई नातवाचा चेहरा चाचपते. मी लोखंडाची आहे, तरी मला त्या वेळी फार लहान वाटले.

पण हत्तींना पाणी हवे होते, आणि पाणी कोठे आहे हे त्यांना नाकाने कळते. त्यांनी टाकीला भगदाड पाडले, जमिनीतला नळ मुळासारखा उपटला. टाकी दुरुस्त केली की ते पुन्हा येत. तिसऱ्या वर्षी, दुष्काळात, हिस्किया पत्र्याचे ताट वाजवत त्यांना हाकलायला धावला. मध्ये पिल्लू होते, ते त्याला दिसले नाही. फाटक्या कानाच्या हत्तिणीने सोंड एकदाच फिरवली. मित्रांनो, त्याबद्दल मी अधिक सांगणार नाही.

वनखात्याचा माणूस आला आणि एल्फ्रीडेला एक कागद देऊन गेला. तिने सही केली की त्या हत्तिणीला गोळी घालायची परवानगी निघणार होती.

त्याच सुमारास योसेफाट उइसेब नावाचा गवंडी तिच्या दारात येऊन बसला. तो हिस्कियाचा मावसभाऊ. हत्तींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत तो होता.

"वहिनी, चक्कीभोवती दगडाची भिंत घालू," तो म्हणाला. "पुरुषभर उंच, दोन हात रुंद. शेळी आत जाईल, हत्ती जाणार नाही. आणि बाहेर, जरा लांब, हत्तींसाठी वेगळा हौद."

"ज्यांनी माझा नवरा मारला त्यांना हौद बांधू?"

"तहान लागली की तूसुद्धा भिंत फोडशील. तशी ती हत्तीणही फोडेल."

"आणि बांधणार कोण? तुझी कंबर तर गेलीय."

"पोरं येतायत. परदेशातनं. सोळा-सतरा वर्षांची."

एल्फ्रीडे हसली. त्या वर्षात ती प्रथमच हसली असावी. "त्यांच्या आयांना ठाऊक आहे का? बरं, एक महिना देते. भिंत उभी राहिली नाही तर मी सही करणार."

सात मुले आली. उन्हाने त्यांची नाके पहिल्याच दिवशी लाल झाली. त्यांतली एलुनेद वेल्समधली होती, सतरा वर्षांची, आणि वीबे नेदरलँड्समधला, बोलघेवडा. त्यांना वाटले होते, येथे हत्तींची पिल्ले बाटलीने दूध पितात. मिळाले मात्र दगड, सिमेंट आणि मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तोही दोन्ही वेळा.

"आम्ही हत्ती वाचवायला आलोय की दगड वाहायला?" वीबेने विचारले.

"हत्ती दगडानंच वाचतो," योसेफाट म्हणाला. "तोंड चालतंय तेवढा हात चालव."

आमच्या भाषेत काही अक्षरे जीभ टाळूवर टिचकीसारखी वाजवून म्हणतात; ती मुलांना जमेनात, तेव्हा योसेफाट म्हणे, "एलुनेद म्हणताना माझी जीभ दुमडते, त्याचं काय?"

तीन दिवसांत भिंतीचा एक तुकडा उभा राहिला. मुलांनी त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढली. योसेफाट आला, त्याने खांदा लावला आणि ढकलले. भिंत कोसळली.

"मी सत्तर किलोचा आहे," तो म्हणाला. "हत्तीण तीन हजारांची. पुन्हा बांधा."

एलुनेद दगडांच्या ढिगाऱ्यावर बसून रडली. तिच्या तळहातांवरचे फोड फुटले होते. एल्फ्रीडे तोवर बाकावरून नुसती बघत होती. ती उठली, शेळीची चरबी घेऊन आली आणि मुलीच्या हातांना चोळली. मग एक दगड उचलून तिच्यापुढे धरला. "दगडाला तोंड असतं, पोरी. ते कुठं बघतंय ते आधी बघ, मग ठेव." योसेफाटने ते वाक्य मुलांना इंग्रजीत सांगितले. त्या दिवसापासून भिंत सरळ चढू लागली.

परंतु त्याच वेळी वारा पडला. नऊ दिवस झाले तरी माझे एकही पाते हलले नाही. टाकीत अर्धेच पाणी उरले. एल्फ्रीडे शेळ्यांना मोजून पाणी पाजू लागली. बाहेरचा हौद बांधून झाला होता, टाकीपासून त्याला जमिनीखालून नळही जोडला होता, पण तो कोरडाच राहिला.

मुले आल्यापासून बाराव्या दिवशी दुपारी योसेफाट बाकीच्या मुलांना घेऊन गाडीने वाळू आणायला गेला. भिंतीत एका फाटकाएवढी जागा उघडी राहिली होती. सिमेंट सावकाश वाळावे म्हणून एलुनेद ओली पोती भिंतीवर पसरत होती. तिला इतक्या दिवसांत एकही हत्ती दिसला नव्हता.

मी त्यांना आधी पाहिले. पण मला हाक मारता येत नाही.

फाटक्या कानाची हत्तीण त्या उघड्या जागेत येऊन उभी राहिली तेव्हा एलुनेद आणि एल्फ्रीडे माझ्या पायांशी होत्या. मागे आणखी चार, त्यांत एक पिल्लू. बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. हत्तिणीने कान पसरले आणि आभाळाचा तेवढा तुकडा दिसेनासा झाला. तिच्या पापण्यांचे लांब केस दिसत होते, कातडीच्या भेगांत वाळलेला चिखल दिसत होता. एलुनेदचा श्वास अडकला होता. भीतीने म्हणावे, तर तिचे डोळे देवळात गेलेल्या माणसाचे झाले होते. हत्तिणीने सोंड आत घातली आणि टाकीकडे वळवली. ओल्या भिंतीतला एक दगड खाली पडला.

"आजी," एलुनेद पुटपुटली, "हौद. हौदात पाणी नाही." शब्द तिच्या भाषेतले होते, पण ती बोटाने कोरड्या हौदाकडे दाखवत होती. मग ती टाकीवरच्या, हौदाच्या नळाच्या चावीकडे सरकू लागली. चावी त्या उघड्या जागेपासून चार पावलांवर होती.

एल्फ्रीडेने तिचे मनगट धरले. "तू नको. घर माझं आहे."

टाकीतले पाणी तिच्या शेळ्यांचे होते. वारा कधी येईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. आणि समोर कोण उभी होती, हे ती विसरली नव्हती. मी तिला सात वर्षांची असल्यापासून पाहत आले आहे, पण ती काय करील हे मलाही कळेना.

ती चार पावले चालली. सोंड तिच्या डोक्यावर होती. तिने चावीवर दोन्ही हात ठेवले आणि फिरवली.

जमिनीखालून पाणी खळखळत गेले. हत्तिणीने मान वळवली आणि ऐकले. मग तो डोंगर सावकाश मागे सरला. पाचही हत्ती हौदाकडे गेले. पिल्लाला सोंड वापरता येत नव्हती, ते गुडघे टेकून तोंडानेच पिऊ लागले. हत्तीण मात्र थांबली. पिल्लाचे झाल्यावर तिने सोंड बुडवली.

"त्या दिवशी हिस्कियानं ताट वाजवलं," एल्फ्रीडे स्वतःशीच म्हणाली. "पाणी कुणीच दिलं नव्हतं." तिचे हात चावीवरच होते. तिने ती बंद केली नाही.

एलुनेद तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. हत्ती मोपानेच्या झाडांत दिसेनासे होईपर्यंत दोघी बघत राहिल्या.

टाकी रिकामी झाली. पुढचे चार दिवस सातही मुलांनी चौदा किलोमीटरवरून शेळ्यांसाठी पाणी आणले. कोणी आंघोळ केली नाही, आणि वीबेनेसुद्धा तक्रार केली नाही. पाचव्या दिवशी वाऱ्याने माझे शेपूट हलले, आणि त्याच आठवड्यात भिंत पुरी झाली. योसेफाटने पुन्हा खांदा लावला. मग वीबेनेही लावला. भिंत हलली नाही.

निरोपाच्या दिवशी योसेफाटने विचारले, "वहिनी, तो कागद?"

"शेळीनं खाल्ला."

कोणत्या शेळीने, हे कोणी विचारले नाही.

आता सूर्यावर चालणारा पंप आला आहे. माझी पाती साखळीने बांधलेली असतात, सांध्यांत गंज चढला आहे, आणि तेल घालायला वर चढणारे कोणी नाही. कधी कधी एकटेपण वाटते. पण भिंत शाबूत आहे, आणि माझ्या उंचीवरून मला अजून लांबवरचे दिसते.

दरवर्षी नवी मुले येतात. गाडीतून उतरताच विचारतात, "हत्ती कुठे आहेत?" म्हातारी एल्फ्रीडे त्यांच्या हातात घासणी देते आणि बाहेरच्या हौदातले शेवाळ काढायला लावते. काहींची तोंडे उतरतात. काही बाह्या वर करतात.

मित्रांनो, तुमच्या मनात प्राण्यांबद्दल प्रेम असेल, आणि ते चांगलेच आहे. पण रानातल्या जिवाला आपले मन दिसत नाही. त्याला कळतो तो भरलेला हौद.