वालाच्या वेलावर गुलाबदाणी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी गुलाबदाणी आहे. निजामसरकारच्या राज्यात शहागंजातल्या एका तांबटानं मला घडवलं आणि पडेगावच्या इलियासभाईंच्या कोनाड्यात मी राहायला आले. गावात लग्न कुणाचंही असो, आवतण आधी मला यायचं. साध्या पाहुण्यावर माझा एक शिंतोडा उडे, तहसील कचेरीतल्या माणसावर तीन. रीतच तशी होती.

एका हिवाळ्यात इलियासभाईंच्या बायकोच्या, सगीराच्या, वालावर मुंग्यांची रांग लागली.

"बरकत हाय, हाकलू नको," इलियासभाई म्हणाले आणि त्यांनी मुंग्यांपुढं चिमूटभर साखर टाकली. मुंग्यांनी तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारच्या चतुराबाईंनी पान उलटलं. खाली काळा मावा दाटीनं चिकटून रस पीत होता आणि त्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा मुंग्या चाटत होत्या.

सगीराचा चेहरा उतरला. तिची अम्मा वारली होती आणि अम्माच्या हातचं बियाणं या एकाच वेलावर उरलं होतं.

चतुराबाईंनी स्वतःची खायची तंबाखू उकळली, गाळली, त्यात रिठ्याचं पाणी घातलं. केरसुणीनं शिंपडलं तर पानं वरूनच भिजली. मावा छपराखाली बसल्यासारखा कोरडा. तेव्हा सगीराची नजर माझ्याकडं वळली.

"अगं, नवरदेवावर उडवायची चीज हाय ती," इलियासभाई कळवळले.

"मग हेबी लगीनच समजा," चतुराबाई म्हणाल्या. "वऱ्हाड जेवलंय लई, उठंना झालंय."

माझी लांब मान पानाखाली गेली. इतकं मन लावून मला कुणी कधी वापरलं नव्हतं. आठवड्यानं पुन्हा शिंपडलं, तसा मावा वाळून गळू लागला. मग तांबडे, ठिपक्यांचे किडे आले. इलियासभाईंनी चप्पल उचलली.

"राहू द्या भाऊ, ते मावा खात्यात. आपल्याकडचे हायेत," चतुराबाई म्हणाल्या.

शेंगा वाळल्या, बी टणक निघालं. सगीरानं अर्धं चतुराबाईंच्या पदरात घातलं. "एकाच घरात ठेवायचं नाय आता."

मला चिंचेनं घासलं, पण तंबाखूचा वास काही गेला नाही. लग्नाची आवतणं बंद झाली. वाईट वाटतं, नाही असं नाही. तरी मित्रांनो, एक विनंती आहे: पितळ सवडीनं उजळा, पान मात्र वेळेवर उलटून बघा. अम्माचा वाल आता दोन घरांच्या कुंपणांवर चढतो. कुठली शेंग कुणाची यावरून दोघी रोज भांडतात, आणि बी दोन्हीकडं जपून ठेवतात.