दत्तोबांच्या दुधात पाणी

आमच्या ह्यांना निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला. अक्कल तेवढी कुणी दिली नाही. रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म गेला. आता समोर वर्ग नाही, म्हणून दुधाची परीक्षा घेतात.

जानेवारीत लॅक्टोमीटर आणला. लोहगावच्या दत्तोबांच्या गाईच्या दुधात ती काचेची नळी सोडली, आकडा मस्त आला. मे महिन्यात तोच आकडा उतरला. झालं! मला विचारायचं, दत्तोबांना विचारायचं? छे! थेट सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : 'दत्तोबा दुधात पाणी घालतात. पुराव्यासह सिद्ध.' आठवड्याभरात विश्रांतवाडीतली आमची अख्खी सोसायटी पिशवीच्या दुधावर गेली.

दत्तोबा भांडले नाहीत, हेच मला सहन होईना. "सर, एकदा गोठ्यावर या. तुमच्यासमोर धार काढतो," एवढंच म्हणाले. मी ह्यांना जवळजवळ ओढतच नेलं.

धार काढली. दूध निवेपर्यंत थांबलो. नळी सोडली. आकडा तितकाच कमी!

मला वाटलं, आता तरी हे खजील होतील. कसलं काय! गडी खुलला. "अहो, बरोबरच आहे! उन्हाळ्यात गाय कमी खाते, हिरवा चारा नसतो. दुधातले कॅल्शियमसारखे क्षार उतरतात, दूध हलकं होतं. ऋतूप्रमाणे बदलतंच ते. मी शिकवलंय हे!"

"शिकवलंय ना? मग टाका ग्रुपवर."

"आत्ता? लोक हसतील, हेमा. पावसाळा संपला की आकडा आपोआप वर येईल, तेव्हा बघू."

"तवर गाया कशावर जगवू, सर?" दत्तोबा म्हणाले. "पोरगा तर म्हनतोय, इकून टाका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांचा फोन हिसकावला आणि ह्यांच्याच नावानं लिहिलं : 'माझी चूक झाली. दूध शुद्ध आहे, उन्हाळ्यात असंच असतं. दत्तोबांची मी माफी मागतो.'

लगेच उत्तर आलं, वरच्या मजल्यावरच्या आमोदचं : 'वा काका! दत्तोबांनी तुमचं दूध फुकट केलं वाटतं?' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

"काय म्हन्त्यात लोकं, वैनी?" दत्तोबांनी विचारलं.

"वाचतायत अजून," मी धडधडीत खोटं बोलले, आणि फोन ह्यांच्या खिशात कोंबला.