साहेबांना मूळ प्रत

लग्नात नवरा-नवरी कडेला आणि तालुक्याच्या पुढारी साहेबांचा सत्कार मधोमध, हा आमच्याकडचा रिवाज. मला त्याची आधीपासूनच शिसारी. पण दीप्तीच्या लग्नानंतर तिच्या बापानं, म्हणजे माझ्या हंबीरकाकांनी, जे केलं ते आठवलं की आजही तोंड कडू होतं.

लग्नाची डीव्हीडी एकच होती. शूटिंगवाल्यानं कॅसेटवर केव्हाच दुसरं लग्न भरलं होतं. भावकीत कॉम्प्युटर माझ्याकडे, म्हणून कॉप्या काढायचं काम माझ्या गळ्यात. डीव्हीडीच्या शेवटी पंगत होती. तिच्यात आमचे थोरले काका, आण्णा, वाढता वाढता थांबून बायडाकाकींना म्हणतात, "आगं, तू बी बस की जेवायला." चारचौघांत बायकोशी ते पहिल्यांदाच असं बोलले होते. पुढच्याच महिन्यात आण्णा गेले. काकींना तेवढंच बघायचं होतं. मुरगूडहून त्यांचे निरोपावर निरोप येत होते.

डीव्हीडी निम्मी कॉम्प्युटरवर उतरली असेल, तोच हंबीरकाका दारात.

"काढ ती. साहेब बंगल्यावर आल्यात."

"दहा मिनिटं थांबा की. त्येंना कॉपी काढून देतो."

"साहेबांस्नी कॉपी? आन मूळ आपल्या घरात? त्येंचा मान काय ऱ्हातोय मग?"

"काका, पंगत अजून उतरली न्हाय. आण्णा हाईत त्यात."

"आण्णा माझा बी भाऊच हाय की! साहेबांचं बघून झालं की आणतो."

मी हात आडवा घालेपर्यंत त्यांनी बटण दाबून डीव्हीडी उचललीसुद्धा. पुढं उन्हाळा सरेपर्यंत रोज 'उद्या आणतो' चाललं होतं.

शेवटी काकी स्वतःच आल्या. होतं तेवढं लावलं. साहेबांचा फेटा, साहेबांची शाल, साहेबांचं भाषण. हार घालता घालता चित्र थांबलं.

"ह्यात त्ये कुठं हाईत?" काकींनी विचारलं.

मी तडक बंगला गाठला. तिथला गडी म्हणाला, "डीव्हीडी व्हय? मागं पेरूला बघा, पावणं. राघू लई मातल्यात."

राघू बुजावेत म्हणून झाडाझाडाला दोऱ्यानं डीव्हीड्या टांगलेल्या. तालुक्यातली सगळी लग्नं, सगळी बारशी तिथं लोंबत होती. एकीवर माझंच अक्षर: 'मूळ प्रत'. दोरा तोडून ती काढली. घरी आणून घातली, तर कॉम्प्युटर नुसता घरघरला आणि त्यानं ती बाहेर टाकली. उन्हानं आणि चऱ्यांनी तिचा निकाल लागला होता.

एवढ्यात हंबीरकाका आले. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर, "दर्शनी झाडाला हुती न्हवं?"

थुंकावंसं वाटलं. घर माझं होतं म्हणून गिळलं.

काकींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाल्या, "ह्यातच हाईत न्हवं त्ये?"

"हाईत काकी. पर दिसायचे न्हाईत आता."

"दे हिकडं."

त्यांनी डीव्हीडी पदरानं पुसली, पिशवीत लुगड्याच्या घडीत ठेवली आणि मुरगूडच्या एसटीला निघाल्या.